बोटीचा बॅटरी स्विच हाताशी आणताना

कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक लहान डिझेल बोटींमध्ये बॅटरीचा मुख्य स्विच इंजिनाच्या खणातच, बॅटरीशेजारी बसवलेला असतो. वायर तापून धूर निघू लागला, तर तो बंद करण्यासाठी झाकण उचलून नेमके त्या धुरातच डोके घालावे लागते. म्हणून नवी जागा खणाबाहेर, पण खणाच्या भिंतीलाच लागून निवडावी. तेथे साचलेले पाणी पोहोचू नये आणि जाळ्याचा दोर स्विचच्या मुठीत अडकू नये. स्विच सुकाणूपाशीच हवा, असा आग्रह तांडेल (बोटीचा प्रमुख) धरील, परंतु तो मोडून काढलेला बरा. स्विच एक मीटर दूर नेला, की केबल दोन मीटरने वाढते, कारण ती बॅटरीकडून स्विचपर्यंत जाते आणि तेथून स्टार्टरकडे (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे) परत येते. स्टार्टर ३०० अँपिअर ओढत असताना ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन मीटर केबलमध्ये सुमारे पाव व्होल्ट खर्ची पडतो, आणि उतरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर तेवढाही जाणवतो. अंतर वाढवणे टळत नसेल, तर केबल अधिक जाडीची घ्यावी.

काम मासेमारीच्या पावसाळी बंदीत, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना काढावे. प्रथम चार्जर व सोलर पॅनेल यांची जोडणी सोडवावी, मग बॅटरीची ऋण वायर आणि शेवटी धन वायर सोडवावी. जोडताना हाच क्रम उलटा ठेवावा. जुन्या केबलला तुकडा जोडून ती लांबवू नये. कल्हई केलेल्या तांब्याची अखंड केबल घ्यावी, तिच्या टोकांना लग (बोल्टवर बसणारी धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून बसवावेत आणि त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. केवळ डाख देऊन भागवू नये, कारण डाख तारांत शिरून त्या ताठ होतात आणि इंजिनाच्या हादऱ्याने तुटतात. लग थेट स्विचच्या धातूवर टेकला पाहिजे. वॉशर त्याच्या वर येतो, खाली नव्हे. स्टार्टरच्या केबलला सहसा फ्यूज नसतो, त्यामुळे ती घासून सोलू नये म्हणून भिंतीतून जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) हवाच, आणि दर अर्ध्या मीटरच्या आत क्लॅम्पही हवा.

पाणी उपसणाऱ्या स्वयंचलित पंपाची वायर मात्र बॅटरीच्याच बाजूला, तिच्याजवळ स्वतंत्र फ्यूज लावून ठेवावी. अन्यथा मुख्य स्विच बंद करून घरी गेल्यावर नांगरलेल्या बोटीत पाणी भरत राहील. इंजिन चालू असताना स्विच बंद करू नये, कारण त्याने अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड जळू शकतात. ही सूचना स्विचशेजारीच रंगवून ठेवावी.

शेवटी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर व दुसरे स्टार्टरच्या धन टर्मिनलवर धरून सेल मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर इंजिन थांबवून व स्विच बंद करून प्रत्येक जोड हाताने चाचपावा आणि जो कोमट लागेल तो उघडून पुन्हा घट्ट बसवावा.