तपासणीला येताय? आधी एवढं ऐका

एका सरकारी रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या तपासणीच्या जागी, मी समुपदेशक आहे. दारातून आलेली बाई काय बोलणार, ते मला पाठ झालंय. "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय." एवढं बोलून ती खाली बघते. कधीपासून, विचारलं की म्हणते, "दिवाळीपासून." तोवर शिमगा आलेला असतो. एवढे महिने तिने खाज सोसली, तुरटीच्या पाण्याने धुतलं, मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. त्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट उसळतं. आत नेऊन काय करतात हे माहीत नसतं, म्हणून पाय उचलत नाही.

यायच्या आधी दोन दिवस आतून धुऊ नका, आत गोळी किंवा मलम ठेवू नका, संबंध टाळा. पाळी चालू असेल तर संपल्यावर या. पण ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, फोड-जखम असेल किंवा दिवस गेले असतील तर लगेच निघा. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगायची गरज नाही, "बायकांच्या ओपीडीत जायचंय" एवढं पुरतं.

आत गेल्यावर आधी प्रश्न. शेवटची पाळी कधी आली, रंग-वास कसा आहे, संबंध कधी आला, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. यात काही लपवू नका. आम्ही तुमचं वागणं तोलत नाही, औषध ठरवतो.

लघवी करून टेबलावर जा. साडी वर घेतली की भागतं, सगळे कपडे काढावे लागत नाहीत. मग स्पेक्युलम. बायका त्याला चिमटा म्हणतात. मी तो आधी हातात देते. बदकाच्या चोचीसारखी दोन पाती, ती मिटलेलीच आत जातात आणि मग हळूहळू उघडतात. ताण जाणवतो. श्वास रोखला तर अंग आवळतं आणि खुपतं, म्हणून तोंडाने श्वास सोडत राहा, कंबर टेबलाला टेकलेली ठेवा. "थांबा" म्हटलं की डॉक्टरांनी थांबायलाच हवं. शेजारी बाई कर्मचारी नसेल तर मागून घ्या. कधीच संबंध आला नसेल तर आधी सांगा, मग सहसा हे टाळतात. दोन-तीन मिनिटांत गर्भपिशवीचं तोंड बघून होतं, काडीवर स्राव घेतला जातो.

स्राव दह्याच्या कवड्यांसारखा असेल तर बहुधा बुरशी. करडा, मासळीसारख्या वासाचा असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हे दोन्ही मधुमेहाने, अँटिबायोटिकने, सारखं आतून धुतल्यानेही होतं. तेव्हा घरी जाऊन लगेच नवऱ्यावर संशय घेऊ नका. हिरवट, फेसाळ स्राव, जखम किंवा पू असेल तर मात्र दोघांनाही औषध लागतं.

रक्तात गरमीची म्हणजे सिफिलिसची तपासणी होते, आणि एचआयव्हीचीही. एचआयव्हीसाठी तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, 2017 चा कायदा तसं सांगतो. गरमी निघाली तर पेनिसिलिनचं इंजेक्शन कुल्ल्यावर देतात. दुखतं, आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात.

औषधांचे किट रंगांवरून ओळखतात. पांढरं जाण्यावर हिरवं, पू येत असेल तर करडं. ते फुकट मिळतात. काही गोळ्यांनी तोंड कडवट होतं, पण खाज थांबली म्हणून त्या मध्येच सोडू नका. आठवड्याने परत दाखवा, तोवर संबंध नको, निदान निरोध तरी.

पुरुषांनी लघवीतून पू येत असेल तर तपासणीआधी तासभर लघवी करू नये.

सगळ्यात अवघड काम नवऱ्याला आणण्याचं. "तुम्हीही या" म्हणायला जीभ रेटत नसेल तर मी चिठ्ठी देते. गेल्या महिन्यात एकीने ती त्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो दाराबाहेर उभा होता. यायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर 1097 हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.