कवायत की मैदान? १९१६च्या अमेरिकी कॉलेजांमधला वाद कसा उभा करावा

पहिल्या महायुद्धात उतरण्याआधी अमेरिकेच्या कॉलेजांमध्ये लष्करी सज्जतेवरून मोठा वाद पेटला होता. तो आज वादविवाद म्हणून मांडायचा, तर आधी तारीख ठरवा. ८ मार्च १९१६ ही चांगली. दुसऱ्याच दिवशी मेक्सिकोतला बंडखोर नेता पांचो व्हिया याच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर हल्ला केला. तो मुद्दा हाती आला की अनुकूल बाजूचं पारडं फारच जड होतं.

तारखेनंतरची माहिती सरळ बाद करा. ३ जून १९१६चा राष्ट्रीय संरक्षण कायदा, त्यातून आलेलं राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, ६ एप्रिल १९१७ची युद्धघोषणा, यातलं काहीच वक्त्यांना ठाऊक नसायला हवं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: कोणीतरी ‘शेवटी युद्ध झालंच ना’ म्हणतो आणि वाद तिथेच संपतो.

ठरावात एकच प्रश्न ठेवा. ‘अमेरिकेने सज्ज व्हावं’ हा ठराव नको. सैन्य किती मोठं हवं, कॉलेजात कवायत सक्तीची हवी का, आणि खेळाने तेच काम भागतं का, हे तीन वेगळे वाद आहेत. त्यापेक्षा असं लिहा: ‘अमेरिकी कॉलेजांनी सर्व पुरुष विद्यार्थ्यांना लष्करी कवायत सक्तीची करावी.’ खेळाचा मुद्दा प्रतिकूल बाजू आपोआप आणतेच.

प्रत्येक बाजूला तीन वक्ते. मांडणीला दहा मिनिटं, खंडनाला पाच, म्हणजे एकूण दीड तास. मांडणीची सुरुवात अनुकूल बाजू करते, खंडनाची प्रतिकूल, म्हणजे शेवटचा शब्द ठराव मांडणाऱ्यांकडे राहतो. टिपणांसाठी एका कार्डावर एकच दावा, खाली त्याचा आधार आणि तारीख. एका कार्डावर चार गोष्टी कोंबल्या की खंडनाच्या वेळी हवं ते सापडत नाही.

अनुकूल बाजूने जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजापासून सुरुवात करावी (७ मे १९१५, मृतांत १२८ अमेरिकी), पण त्यावर एका मिनिटापेक्षा जास्त खर्चू नये. खरा जोर अमेरिकी सैन्यातले जनरल लेनर्ड वुड यांच्या लष्करी प्रशिक्षण शिबिरांत आहे: १९१३मध्ये गेटिसबर्ग आणि मॉन्टेरेला विद्यार्थ्यांची, १९१५मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्लॅट्सबर्गला. मग येल विद्यापीठाच्या ‘येल बोल’ या अमेरिकी फुटबॉलच्या स्टेडियमकडे वळावं. १९१४मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमात तेव्हा सुमारे ७०,००० माणसं बसायची आणि खेळायचे बावीस. खेळाने पिढी घडते म्हणणाऱ्याला हा आकडा पुरतो.

प्रतिकूल बाजूने इथे गडबडू नये. त्या आकड्याचा दोष खेळाचा नाही, थोड्यांनाच खेळवणाऱ्या पद्धतीचा आहे. सगळ्यांसाठी व्यायाम हवा, असं म्हणून तोच आकडा आपल्याकडे वळवावा. हार्वर्डचे व्यायामशिक्षण प्रमुख डडली सार्जंट यांचं मत जपून ठेवावं: शरीर घडवायला कवायत अपुरी आहे. त्यावर अनुकूल बाजू म्हणेल की शिबिरात नेमबाजी आणि लांब कूच होती, नुसतं ‘सावधान’ नव्हतं. उत्तर तयार असावं: प्लॅट्सबर्गला जाणाऱ्यांनी खर्च स्वतः केला, म्हणजे ते परवडणाऱ्यांचं शिबिर होतं, शिवाय आपण ऐच्छिक शिबिराबद्दल बोलत नाही, सक्तीबद्दल बोलतोय.

फुटबॉलच्या दुखापती काढणार असाल तर सांभाळून. १९०५च्या ऑक्टोबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसला बोलावलं, हे खरं. पण १९०६मध्ये नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकून पास देणं वैध झालं. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याला समोरचा दुसरी अर्धी ऐकवतो.

१८६२च्या मॉरिल कायद्यावर दोन्ही बाजू हमखास घसरतात. जमीन अनुदान मिळालेल्या कॉलेजांनी लष्करी डावपेच हा विषय शिकवावा, असं त्यात आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तो घ्यावाच, असं त्यात लिहिलेलं नाही. सक्ती कॉलेजांच्या नियमांनी आली. कायद्याचा मजकूर छापूनच जवळ ठेवा.

परीक्षक तीन असावेत. त्यांनी आपसात चर्चा न करता वेगवेगळ्या चिठ्ठीवर निकाल लिहावा आणि चिठ्ठीच्या वर आधीच छापावं: ‘ठराव पटला का, हा प्रश्न नाही, कोणी चांगला मांडला, एवढंच लिहा.’