सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

आयटीआय करून गॅरेजला लागलात की अशी एक गाडी हमखास येते: क्रँकचं ऑईल सील नुकतंच बदललंय, तरी ऑईल परत गळतंय. पोरं सील बनवणाऱ्याला शिव्या घालतात. सीलचा बहुतेक वेळा काही दोष नसतो, आत दाब साठलेला असतो.

रिंगा कितीही नव्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑईल असतं त्या भागात, उतरतोच. पुस्तकात तो ब्लो-बाय, गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो आतच राहिला तर ऑईलचा गाळ होतो, आणि दाब सीलमधून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून वाट काढतो. कधी डिपस्टिकच वर उचलली जाते.

हा गॅस बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा १९६१च्या मॉडेलपासून तिथल्या गाड्यांत तो परत इनटेकमध्ये ओढून जाळायला लागले. हेच पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन.

त्यातला व्हॉल्व्ह अगदी साधा: एक स्प्रिंग, एक छोटा दट्ट्या. आयडलला इनटेक मॅनिफोल्डची ओढ जोरात असते, दट्ट्या खेचला जाऊन वाट अरुंद होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि वाट मोठी होते. बॅकफायर आला तर दट्ट्या वाट बंद करतो, भडका खाली जात नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडल बिघडतं, गाडी ऑईल खाते. बंद अडकला तर वरचं रामायण सुरू.

तपासायला व्हॉल्व्ह पाइपसकट टॅपेट कव्हरमधून उपसा, इंजिन चालू ठेवून तोंडावर अंगठा धरा. ओढ लागली पाहिजे. नसेल तर आधी पाइप बघा, बऱ्याचदा तोच चोंदलेला किंवा आतून चिकटलेला असतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, खडखडला पाहिजे. नव्या गाड्यांत कव्हरमध्येच रबरी डायफ्राम असतो. तो फाटला की शिट्टी वाजते, ऑईलचं झाकण उघडताना आतून खेचल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट गेलं, ऑईलमध्ये कूलंट उतरलं असं समजून लगेच हेड उतरवू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ती साठलेली वाफही असू शकते. कूलंट कमी होतंय का ते आधी बघा. ब्रीदर साफ असून झाकणातून धूर फुसफुसतोय, तेव्हा कॉम्प्रेशन गेज लावा. ग्राहकाला इंजिन काम सांगायचं ते त्यानंतर.