नापाच्या पलीकडची अमेरिकी वाइन चाखताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची कॅबर्ने सॉव्हिन्यॉन ही गडद लाल वाइन आवडते, यात गैर काहीच नाही. पण "आता जरा वेगळं काही पिऊ या" म्हणत मंडळी घराबाहेर पडतात आणि जातील तिथे पुन्हा नापाच शोधतात. बाकीच्या चुका नंतर सांगतो, आधी ही.

न्यू जर्सीहून आम्ही काही मराठी कुटुंबं ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सला गेलो होतो. सेनेका लेकच्या काठावरच्या पहिल्याच वायनरीत आमच्या एका मित्रानं यादीकडे न बघताच मागणी केली, "तुमच्याकडची सगळ्यात हेवी कॅबर्ने द्या." वाइन ओतणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की कॅबर्ने सॉव्हिन्यॉन उशिरा पिकते, इथला उन्हाळा तिला बऱ्याचदा पुरत नाही, कॅबर्ने फ्रँक ही दुसरी जात लवकर तयार होते, ती घेऊन बघा. त्यानं ती घोटभरात संपवली आणि "पातळ आहे" म्हणून मोकळा झाला. पुढे दिवसभर प्रत्येक ठिकाणी तीच मागणी आणि तोच शेरा. रीसलिंग ही इथली पांढरी वाइन तर त्यानं ग्लासात घेतलीच नाही, कारण "ती गोड असते." सगळ्यात जास्त पैसे त्यानंच खर्च केले, पण ज्या वाइनसाठी लोक मुद्दाम फिंगर लेक्सला येतात ती त्यानं चाखलीच नाही.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या रीसलिंगमागे एका माणसाचा हट्ट आहे. इथल्या थंडीत रीसलिंगसारखी युरोपीय द्राक्षं जगणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. युक्रेनहून आलेले डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक ते मानायला तयार नव्हते. त्यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमं बांधली आणि १९६२ मध्ये क्यूका लेकच्या काठी स्वतःची वायनरी काढली. खुंट आणि कलम नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको. तिकडे सर्रास वापरला जाणारा डॉगरिज खुंट तर मूळचा टेक्सासचाच. आणि गोडीचं म्हणाल तर रीसलिंग अगदी ड्राय, म्हणजे गोडी नसलेलीही असते. बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलवर ड्राय ते स्वीट अशी पट्टी छापून त्यावर खूण केलेली असते. ती वाचायला दोन सेकंद लागतात, पण तेवढाही धीर अनेकांना नसतो.

माझी सवय सांगतो. नव्या प्रदेशात गेलो की पहिल्या ग्लासात तिथली मुख्य वाइन घ्यायची, मला आवडणारी नाही. ऑरेगनच्या विलामेट व्हॅलीत पिनो न्वार, वॉशिंग्टनच्या वाला वालात सिरा, व्हर्जिनियात व्हिओनिए आणि पेती व्हर्डो, मिसूरीत नॉर्टन. पिनो न्वार ही लाल वाइन रंगाला फिकी असते म्हणून तिला हलकी समजू नका. विलामेटमध्ये वाइन बनवणाऱ्या डेव्हिड लेट यांनी १९६० च्या दशकात ती लावली, आणि १९७९ च्या पॅरिसमधल्या चाचणीत त्यांची १९७५ ची पिनो नामांकित फ्रेंच वाइन्सच्या पंगतीत वरच्या क्रमांकात आली. मात्र ती झिनफँडेलसारख्या दमदार लाल वाइननंतर प्यायलात तर काहीच लागणार नाही. फिकीपासून गडदकडे जायचं, हा क्रम मी घरीसुद्धा मोडत नाही.

दुसरी चूक घाईची: एका दिवसात सहा वायनऱ्या. गणित करून बघा. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन्स, प्रत्येकी जवळपास ३० मिली. सहा ठिकाणी मिळून ९०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या अख्ख्या बाटलीहून जास्त. तिसऱ्या ठिकाणानंतर जीभ काही सांगत नाही, आणि संध्याकाळी गाडी कोण चालवणार हा प्रश्न उरतोच. थुंकायचं भांडं समोर ठेवलेलं असतं, पण आपल्याकडे तोंडातलं थुंकणं म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो, त्यामुळे त्याला कुणी हात लावत नाही. तिथे तो अपमान नाही, व्यावसायिक चाखणारे दिवसभर तेच करतात. तरीही जमत नसेल तर दोघांत एक टेस्टिंग घ्या. मी दिवसाला तीनच ठिकाणं ठरवतो आणि मध्ये नीट बसून जेवतो. गाडी चालवणाऱ्यानं मात्र प्यायचीच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

लेबल न वाचता "इथलीच असेल" म्हणून बाटली उचलू नका. प्रदेशाच्या जागी नुसतं 'अमेरिकन' छापलं असेल तर द्राक्षं दुसऱ्या राज्यातून आलेली असू शकतात. टेक्सासमध्ये दारात सुंदर मळा आणि बाटलीत कॅलिफोर्नियाचा रस, असंही होतं. द्राक्षाच्या जातीचं नाव लिहायला केंद्रीय नियमानुसार ती जात ७५ टक्के असली तरी चालते. ऑरेगननं पिनो न्वारसाठी ही अट ९० टक्क्यांवर नेली आहे. 'रिझर्व्ह' या शब्दाला केंद्रीय कायद्यात काहीच अर्थ नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

अॅपवरचे गुण बघून खरेदी करायला माझा ठाम विरोध आहे. चाखायला जाताना अत्तर नको. गुलाबी, गोड व्हाइट झिनफँडेल पिऊन झिनफँडेलबद्दल मत बनवू नका, खरी झिनफँडेल लाल रंगाचीच. आणि जुलैत बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला गेलात तर बुचं वर येतात, वाइन शिजल्यासारखी लागते. आइसबॉक्स सोबत ठेवा.

शेवटची चूक आपल्या घरातली. पाहुण्यांसाठी तांबडा रस्सा केला की कॅलिफोर्नियातल्या लोडायची, १५ टक्के अल्कोहोलची झिनफँडेल उघडायची. एवढ्या अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. पाहुणे वाइन बाजूला सारून पाणी मागतात आणि दोष वाइनला मिळतो. तिखटासोबत किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची रीसलिंग थंड करून द्या. कोलंबीच्या कालवणाबरोबर मी तीच देतो. झिनफँडेल राखून ठेवा, आणि ग्रिलवर भाजलेलं, तिखट बेताचं मटण असेल त्या दिवशी काढा.