तापणारा लॅपटॉप, घरघरणारा पंखा : सोलापूरच्या उन्हात आणि कापसात काय तपासायचं, कसं साफ करायचं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता आतली हवाही चाळिशीला टेकलेली असते. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र वापरासाठी खोलीचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात पंखा जोरात फिरायला लागला म्हणजे लॅपटॉप बिघडलाच असं नाही. खोली एका अंशाने तापली की आतली मुख्य चिपही (प्रोसेसर) जवळजवळ तेवढीच तापते, आणि पंखा गरम हवेनेच तिला निववायला बघतो. त्याला आपण फार काही करू शकत नाही. करू शकतो ते कापसाचं. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जिथे जिथे टॉवेल आणि चादरींचे माग चालतात, तिथल्या हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात. लॅपटॉपचा पंखा ही हवा दिवसभर ओढतो आणि तंतू आत अडकवून ठेवतो. इथे तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो याच कापसावर.

बाकी काही करण्याआधी एक तपासणी. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेवा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर उचललेलं दिसतंय का, झाकण नीट मिटत नाही का, खालचं कव्हर मधोमध फुगलंय का, हे बघा. यातलं एक जरी दिसलं तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. मग चार्जिंग ताबडतोब थांबवा, लॅपटॉप वापरू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. पंख्याचं नंतर बघता येईल, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

आता आवाज ऐका, तोही माग बंद असताना. यंत्रमागाच्या खटखटाटात लॅपटॉपचा पंखा ऐकूच येत नाही, आणि म्हणून मागाच्या घरांतले लॅपटॉप पंखा पार बसेपर्यंत चालवले जातात. 'सूऽऽ' असा एकसारखा वाऱ्याचा आवाज म्हणजे पंखा ठीक आहे, फक्त वेगात आहे. घरघर किंवा खरखर, विशेषतः सकाळी सुरू करताना जास्त आणि नंतर थोडी कमी, म्हणजे बेअरिंग झिजलंय. टिकटिक किंवा फडफड म्हणजे पात्यांना काहीतरी लागतंय : तंतूंचा गोळा, सुटलेली वायर, नाहीतर खालून दबलेलं कव्हर. बारीक शिट्टीसारखा आवाज, जो स्क्रीनवर काही सरकवलं की बदलतो, तो पंख्याचा नसतो. तो बोर्डावरच्या कॉइलचा असतो आणि त्याने काही जळत नाही. आवाज अजिबात नाही आणि बूड तापलंय, तर हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी हलली नाही तर पंखा बंद पडलाय. एचपीमध्ये सुरू करताना एस्केप आणि मग एफ-२, डेलमध्ये एफ-१२ दाबून येणाऱ्या यादीतलं 'डायग्नोस्टिक्स' निवडलं की कंपनीची तपासणी उघडते, तिच्यात पंख्याचीही चाचणी करता येते.

पुढे तापमानाचा आकडा बघायचा. एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी एक प्रोग्रॅम टाका. दोन्ही फुकट मिळतात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकून टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' (sensors) ही आज्ञा द्यायची. नुसतं 'चिप ७० अंश' एवढं बघून काही कळत नाही, खोलीचं तापमान शेजारी मांडावं लागतं. पाच-दहा रुपयांच्या वहीत दोन्ही आकडे लिहा. काहीही न चालवता दहा मिनिटं ठेवल्यावर चिप खोलीपेक्षा १५ ते २५ अंश वर असेल तर चिंता नाही. ४० अंशांच्या खोलीत ६० दिसणं आणि जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ६० दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी बिघाडाची खूण आहे. काम चालू असताना ८०-९० पर्यंत जाणं आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये नेहमीचं आहे. बऱ्याच इंटेल चिपची मर्यादा १०० अंश आणि एएमडीच्या बऱ्याच रायझन चिपची ९५ च्या आसपास असते. तिथे पोचली की चिप स्वतःचा वेग कमी करते, म्हणून तापलेला लॅपटॉप आधी मंद होतो आणि त्यानंतरही भागलं नाही तर फट्‌कन बंद पडतो.

आकडा कसा चढतो यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं ओळखता येतं. जड काम सुरू केल्यावर तापमान तीन-चार मिनिटांत हळूहळू चढतंय, जाळीतून हवा थोडीच येतेय पण ती चांगलीच कढत आहे, तर हवेची वाट तुंबलीय. याउलट काम सुरू होताच दोन सेकंदांत ९५ च्या वर उडी, तिथेच मुक्काम, आणि बाहेर येणारी हवा मात्र कोमट, तर उष्णता चिपमधून हीटसिंकपर्यंत (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत) पोचतच नाही, म्हणजे त्या दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. नवीन चिप क्षणभर उसळी मारून खाली येतात, ते सोडून द्या. तिथेच टिकून राहिली तरच पेस्टकडे बोट दाखवायचं.

उघडण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. काहीच चालू नसताना एखादा प्रोग्रॅम ३०-४० टक्के खात असेल तर पंख्याचा दोष नाही. विंडोज अपडेट आणि अँटीव्हायरसचं स्कॅन तासाभरात आपोआप थांबतं, तेवढा वेळ द्या. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकलेले असतील तर एक काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'खाली 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ केलं की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे चिपने गरजेला वेग वाढवणं, बंद होतो. टायपिंग, टॅली, जीएसटीचं काम, ऑनलाइन वर्ग यांत फरक जाणवत नाही, पण तापमान चांगलंच उतरतं. मेच्या दुपारसाठी याच्यासारखा बिनखर्चाचा उपाय नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही, तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडला 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' ठेवा.

आता साफसफाई. बाहेरून जाळीत हवा मारली की धूळ उडताना दिसते आणि काम झाल्यासारखं वाटतं. साध्या धुळीसाठी ते पुरतं, कापसासाठी नाही. पंख्यातून निघालेली हवा तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून बाहेर जाते. तंतू त्या पट्ट्यांच्या आतल्या तोंडाशी, पंखा आणि हीटसिंक यांच्या मधल्या फटीत, आडवे बसत जातात. त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तंतू, अशी घट्ट गादी तयार होते. बाहेरून मारलेल्या हवेने ही गादी एक तर हलत नाही, नाहीतर सुटून पंख्यात पडते आणि दुसऱ्या दिवसापासून फडफड सुरू होते. मागाच्या शेडमधला कॉम्प्रेसर तर लॅपटॉपवर कधीच वापरू नका. त्याचा दाब फार असतो आणि हवेबरोबर पाण्याचे, तेलाचे थेंब येतात.

म्हणून उघडायचं. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. लागणारं सामान थोडं आहे : पीएच-० आणि पीएच-१ टोकाचे स्क्रूड्रायव्हर (काही मॉडेलना टॉर्क्स टी-५), जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड, अर्ध्या इंचाचा नवा मऊ रंगाचा ब्रश, चिमटा, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हवेचा डबा किंवा छोटा हातातला ब्लोअर. सॅनिटायझरचं जेल चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. टेबल पुसून कोरडं करा, खाली चादर अंथरू नका.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा म्हणजे विंडोज पूर्ण बंद होईल. चार्जर काढा. खालचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचं चौकोनी चित्र काढून ज्याचा त्या जागी स्क्रू ठेवत चला. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर वरच्या बाजूला कीबोर्डखाली टोक निघतं. सगळे स्क्रू काढूनही कव्हर सुटत नसेल तर जोर लावू नका. रबराच्या पायांखाली एखादा दडलेला असतो. मग कार्डाने कडेकडेने खटके सोडवा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरणं.

पंखा सहसा तीन-चार छोट्या स्क्रूंवर बसलेला असतो. त्याचा कनेक्टर वायर ओढून काढू नका, नखाने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने कडांवरून ढकला. हा सॉकेट बोर्डावरून उपटला गेला तर दुरुस्ती पंख्यापेक्षा महाग पडते. पंखा बाजूला झाला की हीटसिंकच्या तोंडाशी ती करडी गादी दिसेल. मागाच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये ती गोधडीच्या चिंधीसारखी जाड असते. चिमट्याने एका कोपऱ्याला धरून सावकाश उचललीत तर अख्खी पट्टी निघते, आणि तिच्या एका बाजूला हीटसिंकच्या पट्ट्यांच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. ती रेघांची बाजू दिसली म्हणजे गादी तळापासून निघाली. फाडून तुकडे केलेत तर आत उरलेले तुकडे पुन्हा गोळा व्हायला बीज ठरतात. उरलेलं ब्रशने आतून बाहेर लोटा, मग ब्लोअर मारा. पंख्याची पाती ब्रशने पुसताना आणि हवा मारताना बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. जोडलेलाच असेल तर उलटी वीज बोर्डात जाऊ शकते.

पेस्ट बदलायची गरज प्रत्येक वेळी नसते. गादी काढल्यावरही दोन सेकंदांची ती उडी कायम असेल, किंवा लॅपटॉप चार-पाच वर्षांचा असेल, तरच हीटसिंक काढा. त्याच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. सोडताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू एकदम न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकच बाजू आधी दाबली तर उघड्या चिपचा कोपरा टवका जाऊन निकामी होतो. जुनी पेस्ट अल्कोहोलच्या बोळ्याने, घासून खरवडल्याशिवाय पुसा. नवी पेस्ट चिपचा पृष्ठभाग पूर्ण झाकेल एवढा पातळ थर द्या. डेस्कटॉपसाठी 'तांदळाएवढा ठिपका' सांगतात, तो लॅपटॉपच्या उघड्या चिपला कोपऱ्यांपर्यंत पुरतोच असं नाही. लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट घ्या, पातळ पेस्ट तापण्या-निवण्याने काही महिन्यांत कडेला सरकते. शेजारच्या छोट्या चिपवरच्या मऊ थर्मल पॅडच्या जागी पेस्ट भरू नका. पॅड अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशा ठरलेल्या जाडीचे असतात, फाटला तर त्याच जाडीचा आणा. लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या द्रव धातूच्या, वाटेला घरी जाऊ नये. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि थेंब सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो.

साफ करूनही घरघर राहिली तर पंखा बदला. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आसाला दिला की आवाज थांबतो, पण तो काही आठवड्यांचाच दिलासा असतो, आणि जास्त तेल पडलं तर पात्यांवर उडून कापूस आणखी चिकटवतं. नवा पंखा लॅपटॉपच्या नावावरून मागू नका. जुन्या पंख्यावरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, व्होल्ट, ॲम्पियर आणि वायरींची संख्या यांचा फोटो घेऊन दुकानात जा. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या लॅपटॉपचे पंखे वेगळे असू शकतात.

बॅटरीचा कनेक्टर जोडून, कव्हर बंद करून पुन्हा तीच चाचणी घ्या : तेच काम, तेवढीच मिनिटं, खोलीचं तापमान शेजारी लिहून. तुंबलेली वाट मोकळी झाली की फरक वहीत स्पष्ट दिसतो. दिसला नाही तर पंख्याचा कनेक्टर पूर्ण बसलाय का आणि हीटसिंकचा एखादा स्क्रू ढिला आहे का, ते बघा.

रोजच्या वापरात सोलापुरी चादर लॅपटॉपखाली घेऊ नका, हे कळकळीने सांगणं आहे. जाड सुती विणीत बूड रुततं, खालची जाळी बंद होते आणि तिची लव थेट पंख्यात जाते. फळी किंवा ताट घ्या, मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवून दोन सेंटिमीटर उंची द्या. कीबोर्डमधून हवा ओढणाऱ्या मॉडेलवर सिलिकॉनचं कव्हर घालू नका. कूलरने खोली थंड होते, त्याचा लॅपटॉपला फायदाच आहे, फक्त त्याच्या थेट झोतात, तुषार येतील इतक्या जवळ ठेवू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार सुकून बोर्डावर पांढरे डाग धरतात. तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवायचा विचारही नको, बाहेर काढताच आत पाणी धरतं.

मागाच्या घरात दर तीन महिन्यांनी, शेडमध्येच ऑफिस असेल तर दर दोन महिन्यांनी, आणि मागांपासून लांब राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही गादी काढावी. वर्षातून एकदाच करणार असाल तर जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली की करा. फेब्रुवारीत ऊन चढायला लागण्याआधी पंखा मोकळा झालेला असतो.