पोर्ट्रेटवरून दोन कॅमेरे ताडून बघताना या चुका टाळा

मंगेशीच्या तळीपाशी एकाच सकाळी मी आईचे दोन फोटो काढले, एक फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर, एक एपीएस-सीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या. लेन्स दोन्हींवर ५० मिमीची. पहिल्यात नाक पुढे आलेलं, कान मागे गेलेले. दुसऱ्यात आई आईसारखी. कित्येक दिवस मी फुल फ्रेमला दोष देत राहिले. खरं कारण एवढंच, की त्यात चेहरा लहान दिसला म्हणून मी पुढे सरकले होते.

सगळ्यात मोठी चूक हीच. चेहऱ्याची ठेवण सेन्सर बदलत नाही, अंतर बदलतं. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण १२ सेंमी पुढे धरा. दीड मीटरवरून नाक कानाच्या मानाने ८ टक्के मोठं उमटतं, एक मीटरवरून १२ आणि ६० सेंमीवरून थेट २० टक्के. म्हणून अंगणातल्या चिऱ्यावर खडूने रेघ मारा आणि दोन्ही कॅमेरे त्याच रेघेवर ठेवा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६×२४ मिमी, एपीएस-सीचा साधारण २३.५×१५.६ मिमी, फुल फ्रेमच्या चौकटीत चेहरा दीडपट लहान येणारच. तो फोटो मागाहून क्रॉप करा (कडा कापा), नाहीतर फुल फ्रेमला ७५ मिमीची लेन्स लावा. पाय हलवू नका.

क्रॉप केलेला फोटो मऊ दिसतो ही पुढची तक्रार. २४ मेगापिक्सेलचा फोटो दीडपट क्रॉप केला की सुमारे १०.७ मेगापिक्सेल उरतात, आणि आपण तो न कापलेल्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोशेजारी १०० टक्के झूम करून बघतो. हा न्याय नव्हे. ८×१२ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने २४००×३६०० पिक्सेल, म्हणजे ८.६ मेगापिक्सेल पुरतात. दोन्ही फोटो त्याच मापाला आणून बघा, तक्रार बहुधा मिटते. मात्र निम्मी रुंदी आणि निम्मी उंची कापलीत तर ६ मेगापिक्सेलच उरतात, तिथे त्वचेचा पोत खरोखरच कमी पडतो. नॉइजही वाढलेला वाटतो, कारण कापलेल्या भागाबरोबर त्यावर पडलेला प्रकाशही गेला.

पार्श्वभूमीच्या धूसरपणाचं गणितही असंच. एपीएस-सीवरचा ५० मिमी, एफ/२ चा (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) फोटो फुल फ्रेमवर ७५ मिमी आणि एफ/३ च्या आसपास जुळतो. दोन्हीकडे एफ/२ ठेवून "याचं बोके (मागचा धूसरपणा) जास्त सुंदर" म्हणू नये.

रंगांबद्दल मी फार हट्टी आहे. पणजीतल्या फोंताइन्हासच्या पिवळ्या भिंतीजवळ उभं केलेल्या माणसाच्या गालावर ती भिंत उतरते. एक फोटो तिथे आणि दुसरा निळ्या भिंतीजवळ काढून कंपन्यांचे रंग कसे जोखणार? एकच जागा, एकच वेळ, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड) आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न चढवलेली. जेपेगमध्ये प्रत्येक कॅमेरा आपापली चव मिसळतो.

आणि पावसाळ्यात एक कॅमेरा एसीच्या खोलीतून काढलेला नि दुसरा व्हरांड्यातला, असं करू नका. थंड काचेवर बाष्प धरतं आणि चांगली लेन्सही धुरकट ठरते. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग झाकण काढा.