हिरड्यांतून रक्त येतंय? मग आधी या चुका बंद करा

ब्रश करून थुंकलं आणि बेसिनमध्ये लालसर दिसलं की बरेच जण घाबरून त्या बाजूला ब्रश लावायचाच बंद करतात, नाहीतर वरवर फिरवून सोडून देतात. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती इतकी सर्रास होते की तिच्यावरच जास्त लिहितोय. रक्त येतं कारण हिरडीच्या कडेला कीटण, म्हणजे दातांवर बसणारा जंतूंचा चिकट थर, साठलेलं असतं, त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या जरा ब्रश लागला तरी फुटतात. तिथली सफाई थांबवली की जंतूंना मोकळं रान मिळतं, मग सूज अजून वाढते, रक्त अजून येतं, आणि माणूस अजूनच घाबरून हात आखडता घेतो.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सरळ करूनच बघितलं होतं. हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं, तर १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत नीट घासायला लागल्यावर त्या पूर्ववत पण झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते, फक्त तिथे रोज ब्रश पोचला पाहिजे. मऊ ब्रश घ्या, दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे साधारण ४५ अंशात तिरका धरा आणि जागच्या जागी हलकं हलवत पुढे सरका. कडक ब्रशने जोर लावून आडवं घासलं तर हिरडी दातावरून मागे सरकते आणि कीटण कडेला तसंच राहतं.

आता दोन दातांच्या मधली जागा. तिथे ब्रश जातच नाही हो, कितीही वेळ घासा. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा वापरा, आणि फट मोठी असेल तर मध्ये घालायचा तो छोटा ब्रश जास्त बरा पडतो. सुरुवातीला फ्लॉसनेही रक्त येईल, म्हणून सोडू नका, रोज केलं तर आठवडा-दोन आठवड्यांत कमी होताना दिसतं.

दुसरी चूक म्हणजे माउथवॉशवर भरवसा. तोंडात ७०० हून जास्त जातींचे जंतू सापडलेत आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत, काही तर कामाचे, अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे, जे पुढे ब्लड प्रेशर आटोक्यात ठेवायला मदत करतं. त्यामुळे सगळे जंतू मारून टाकू हा विचारच चुकीचा आहे. शिवाय कीटण म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बनवलेला चिकट थर, त्याच्या आत औषध नीट शिरतच नाही, तो घासूनच मोडावा लागतो आणि रोज मोडावा लागतो, कारण तो रोज नव्याने बनतो. काही माउथवॉशमध्ये असतं ते क्लोरहेक्सिडिन चांगलं औषध आहे पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. मनानेच अँटिबायोटिक घेण्याचंही तसंच, सूज तात्पुरती उतरते, थर जागेवरच राहतो.

थर मोडला नाही तर काय होतं ते नीट समजून घ्या. लाळेतल्या क्षारांमुळे तो काही दिवसांतच कडक व्हायला लागतो, तोच टार्टर, आणि तो घरी कशानेही निघत नाही. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिमी खोल असते, सूज राहिली की ती खोल होत जाते. खाली ऑक्सिजन कमी, आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाच्या जंतूला तेच हवं असतं. त्याला वाढायला लागणारं लोह तो रक्तातूनच घेतो, म्हणजे हिरडीतून येणारं रक्त त्याचं खाद्यच. आपलं शरीर या सगळ्याशी लढतं आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. ते हाड आपोआप परत येत नाही.

स्केलिंगने, म्हणजे डेंटिस्टकडे टार्टर काढून घेतल्याने, दात हलतात ही भीती काढून टाका. टार्टरने आणि सुजेने फटी भरलेल्या असतात, ते गेल्यावर त्या उघड्या दिसतात, आणि हाड आधीच झिजलं असेल तर दात थोडा हलल्यासारखा वाटतो. हाड स्केलिंगने झिजलेलं नसतं.

दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं पण समजू नका, हा आजार बरीच वर्षं न दुखता चालतो. सिगरेट ओढणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आत बिघडत असलेलं कळत नाही. डायबेटिस असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आवरायला जड जाते. गरोदरपणात हार्मोन्समुळे सूज वाढते, तेव्हा सफाई टाळू नका. अ‍ॅम्लोडिपिन (ब्लड प्रेशरची), फेनिटॉइन (फिट्सची) अशा गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

दोन आठवडे सगळं नीट करूनही रक्त येत असेल तर डेंटिस्टकडे जा. पू येतोय, दात हलतोय, दातांत नवीन फट पडलीय, तर दोन आठवडे थांबूच नका. सूज गालापर्यंत आली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. हिरड्यांबरोबर अंगावर कारण नसताना निळे डाग पडत असतील तर फिजिशियनलाही दाखवा. आणि डेंटिस्टकडे गेलात की हिरड्यांच्या खाचा किती मिमी आहेत ते मोजून लिहून द्यायला सांगा, ४ मिमी आणि त्यापुढचे आकडे कुठल्या दातांपाशी आहेत ते विचारून घ्या, म्हणजे पुढच्या तपासणीला तेच आकडे ताडून बघता येतील.